मदत हवी आहे: जुन्या बँडसॉचे पार्ट मिळत नाहीत, टायर आणि गाइड तातडीने हवेत

ढलपी
नमस्कार मंडळी. जुना बँडसॉ (चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या पात्याची करवत) घेतलाय, लाकूडकामाचा. बॉडी बीडाची (ओतीव लोखंडाची), दणकट. मोटर बटण दाबताच सुरू होते. पण वरच्या चाकाच्या कडेवरचा रबरी टायर गेलाय, पाते जागेवर धरणारे गाइड गेलेत आणि ताणाचे हँडल कितीही फिरवा, पाते ढिलेच. कंपनीचे नाव कुठेच नाही. पार्टवाल्यांना विचारले की ते म्हणतात मॉडेल नंबर सांगा. मॉडेल नंबर माहीत असता तर इथे कशाला आलो असतो?

पार्ट कसे मिळवायचे, कोणी सांगेल का? जरा लवकर, अर्ध्या चिरलेल्या फळ्या तशाच पडल्यात. आणि कृपा करून "नवीन घ्या" असे सांगू नये.

फिरकी
शेवटची ओळ वाचली, तरी सांगतो. नवीन घ्या. मी नवा घेतला, खोक्यातून काढला, पाते चढवले, कामाला लागलो. जुन्यापायी जीव आटवण्यात काय हशील?

जुनेलोखंड
फिरकी, तुमच्या नव्याला पुढेमागे टायर लागणारच नाही असे कोणी सांगितले तुम्हाला? टायर, बेअरिंग, पट्टा ह्या सगळ्या झिजायच्याच वस्तू.

ढलपी, माहिती टाका. चाकाचा व्यास किती, कडेची रुंदी किती, चाके दोन की तीन? टायर चिकटवलेला होता की खाचेत बसवलेला? गाइड ठोकळ्यांचे की बेअरिंगचे? आणि "गाइड गेलेत" म्हणजे नक्की काय, ठोकळे झिजले की ते धरणारा भागच तुटला?

ढलपी
दोन चाके. साधा मध्यम आकाराचा आहे हो, सगळीकडे असतो तसा. मला फक्त पार्ट हवेत, परीक्षा नको.

जुनेलोखंड
सगळीकडे ८ इंचीही असतो आणि ३६ इंचीही. टायर मापाने मिळतो, नावाने नाही. टेप घ्या आणि मोजा.

भुसाभाई
टायर विकत कशाला आणता? लहान मुलांच्या सायकलची ट्यूब घ्या. आतल्या परिघाची पट्टी व्हॉल्व्हसकट गोल कापून टाका, उरलेले अखंड कडे ताणून चाकावर चढवा. गोंद नाही, खर्च नाही. माझे मशीन कित्येक वर्षे ह्यावरच चालते आहे, आणि ज्यांना विश्वास नाही त्यांनी येऊन बघावे.

सागवेडी
भुसाभाई प्रत्येक धाग्यावर ट्यूब घेऊन हजर असतात :) ढलपी, युरेथेनचे (रबरासारख्या प्लास्टिकचे) टायर घ्या. ते चाकापेक्षा किंचित लहान असतात. गरम पाण्यात बुडवून ठेवायचे, मऊ झाले की एका बाजूला दोन क्लॅम्प लावून उरलेला भाग ओढत न्यायचा. गोंद लागत नाही. फक्त चाकावरचा जुना रबर आणि वाळलेला गोंद खरवडून बीड अगदी स्वच्छ करा. एखादी खपली जरी खाली राहिली तरी तिथे उंचवटा येतो आणि पाते दर फेऱ्याला उडते.

भुसाभाई
युरेथेनही कालांतराने चिकट होते आणि भुसा धरते, ते नाही सांगितलेत.

सागवेडी
काहींचे होते, मान्य. म्हणून सायकल सोलायची?

टर्नरकाका
भांडण नंतर. आधी चाक बघा. रबर काढलेल्या कडेवर पोलादी पट्टी आडवी धरा. पट्टी मध्ये टेकून दोन्ही बाजूंना उजेड दिसला, तर बीडालाच फुगवटा आहे. मग टायर कोणताही चालेल, ट्यूबसुद्धा, कारण फुगवटा खालून मिळतो. उजेड दिसला नाही तर चाक सपाट आहे. मग जाड रबर चिकटवून, चाक फिरवत सँडपेपरने त्यालाच फुगवटा द्यावा लागेल. तिथे ट्यूबचे काम नाही, पाते मध्यावर थांबणारच नाही. काही मोठ्या चाकांच्या मशीनवर मात्र टायर मुद्दाम सपाट ठेवतात, तेव्हा व्यास कळल्याशिवाय घासायला घेऊ नका.

पोलादी
माझ्या मशीनवर पाते गाइडमधून पिळून तिरपे जाते, त्यामुळे बेअरिंग लवकर जातात. कूलंट (पाते थंड ठेवणारे द्रव) नीट सोडत जा आणि पात्याचा वेग कमी ठेवा, बेअरिंग टिकतील.

जुनेलोखंड
पोलादी, तुमचा लोखंड कापायचा आडवा बँडसॉ झाला. इथे लाकूड चालले आहे. लाकडाला पाते मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास पळते, पोलादाला शंभराच्या आत. आणि लाकडावर कूलंट? आवरा.

ढलपी
घ्या मापे. टायर पूर्ण खरवडून काढला. चाक नुसते ३५० मिमी, कड २५ मिमी रुंद. खालचा टायर अजून शाबूत आहे, त्याची जाडी ३ मिमी. दोन्ही चाकांच्या मध्यांतले अंतर, वरचे चाक साधारण अर्ध्यावर ठेवून, ६२९ मिमी. पट्टी धरली, मध्ये टेकते, बाजूंना उजेड दिसतो. गाइड ठोकळ्यांचे आहेत, ठोकळे झिजून तिरपे झालेत. पात्यामागचे बेअरिंग फिरतच नाही, पात्याने त्यात खाच पाडली आहे.

शिवाय मशीन चालताना टक टक आवाज येतो. तो कशाचा?

जुनेलोखंड
हे आधीच दिले असते तर! टायर धरून व्यास ३५६, म्हणजे १४ इंच. पात्याची लांबी काढू: मध्यांतले अंतर दुप्पट म्हणजे १२५८, अधिक ३५६ गुणिले ३.१४ म्हणजे १११८. एकूण २३७६ मिमी. ९३ १/२ इंच म्हणजे २३७५.

आता गंमत बघा. १४ इंची चाके, बीडाची बॉडी आणि ९३ १/२ इंची पाते हा डेल्टा ह्या अमेरिकी कंपनीच्या जुन्या बँडसॉचा साचा. त्याच्या नकला तैवानमध्ये आणि इतरत्र इतक्या निघाल्या की नावाची पट्टी नसलेला १४ इंची बीडाचा बँडसॉ बहुधा त्याच घराण्यातला निघतो. मॉडेल नंबर सोडून द्या. "१४ इंची, ९३ १/२ इंच पाते, टायर १ इंच रुंद" एवढे सांगा.

एकच बघा, बॉडीच्या उभ्या खांबात मध्येच जोड आहे ना? काहींनी तिथे ६ इंची ठोकळा घालून उंची वाढवलेली असते, मग पाते १०५ इंची लागते. तुमच्या मापावरून तसे दिसत नाही.

ढलपी
जोड आहे, मध्ये ठोकळा नाही. टक टक?

टर्नरकाका
प्लग काढा. वरच्या चाकावर एका जागी खडूची खूण करा, पात्यावर सांध्यापाशी दुसरी. हाताने चाक फिरवा आणि धक्का कोणत्या खुणेबरोबर येतो ते बघा. चाकाच्या खुणेबरोबर प्रत्येक फेऱ्याला आला तर दोष टायरचा किंवा चाकाचा. पात्याचा सांधा गाइडमधून जाताना आला तर वेल्डचा उंचवटा आहे, पाठीकडून हलक्या हाताने घासा. चाकाचे दोन फेरे झाले की पाते जेमतेम एकदा फिरते, म्हणून नुसत्या कानाने फसगत होते.

ढलपी
खडू लावून पाहिले. धक्का सांध्याला येतो. बाकीचे बोला.

सागवेडी
ठोकळे विकत घ्यायचीही गरज नाही. जुने बाहेर काढा, जाडी-रुंदी मोजा आणि तेवढेच ठोकळे फेनोलिकच्या (कडक प्लास्टिकच्या) पट्टीतून किंवा घट्ट कठीण लाकडातून कापा. ते पात्याला इजा करत नाहीत, त्यामुळे अगदी जवळ आणता येतात. पाते आणि ठोकळा ह्यांत कागदाच्या जाडीएवढी फट ठेवायची. दाते ठोकळ्यांच्या पुढेच राहिले पाहिजेत, नाहीतर दात्यांची डावी-उजवी पसरण मरते. झिजले की टोक पुन्हा काटकोनात घासायचे.

भुसाभाई
पोलादी ठोकळे काढून बेअरिंगचे गाइड लावा. एकदा लावले की विषय संपला.

टर्नरकाका
दोन सुती (पाव इंची) पात्याला बेअरिंगचे गाइड मला तरी आवडत नाहीत. ओल्या लाकडाचा चीक आणि भुसा दाबून पात्यावर थापतात. पण ज्याची त्याची आवड.

पाठीमागचे बेअरिंग बाहेर काढून कड्यावरचा नंबर वाचा. पुसला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ६२०० म्हणजे १०-३०-९, ६२०१ म्हणजे १२-३२-१०, ६२०३ म्हणजे १७-४०-१२. मशीनचे नाव विचारल्याशिवाय कोणीही देईल. आतला व्यास १२.७ आला तर मात्र इंची मालिकेतले आहे, १२ वाले ठोकून बसवायला जाऊ नका.

चाकांचीही बेअरिंग बदलून टाका, हात लागलाच आहे तर. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलीच घ्या, नुसत्या पत्र्याच्या झाकणातून बारीक भुसा आत जातो. हबमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर, शाफ्टवर बसवताना आतल्या. आणि चाकाचा नट सोडवण्याआधी आटे नीट निरखा. काही मशीनवर एका चाकाला डावे आटे असतात, आणि तिथे जोर लावून भलत्या दिशेला पान्हा मारणारे मी पाहिलेत.

कानस
धागा चाललाच आहे तर विचारतो, ६ इंच रुंद फळी उभी चिरायला कोणते पाते? माझे वाकडे जाते.

जुनेलोखंड
कानस, चार सुती (अर्धा इंची), इंचाला ३ दाते, आणि फळी ढकलायची घाई नको. बाकीचे वेगळा धागा काढून विचारा. ढलपी, ताण का येत नाही ते राहिले. स्प्रिंग पूर्ण मिटलेली आहे का?

ढलपी
स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकलेत. आणि वरचे चाक ज्या सरकत्या भागावर बसते तो तर तडकलेलाच आहे, त्यामुळे चाक तिरके होते.

जुनेलोखंड
तडकलेलाच आहे? आणि हे आत्ता सांगताय? टायर, ठोकळे, बेअरिंग किरकोळ आहेत हो, मशीन अडले आहे ते ह्या ब्रॅकेटपाशी!

ढलपी
तडा समोर दिसतोय म्हणून वेगळे लिहिले नाही. टायर आधी मिळावा एवढेच होते.

भुसाभाई
ब्रेझिंग (पितळ वितळवून जोड) करून घ्या. तासाभराचे काम.

टर्नरकाका
थांबा. आधी चुंबक लावा. चिकटला तर बीड किंवा पोलाद, मग ब्रेझिंगचे बोलू. चिकटला नाही आणि कानशीने राखाडी, जड भुगा निघाला, तर ते जस्ताचे ओतकाम. जस्त ४२० अंशांना वितळते, हे मिश्रण त्याच्याही आधी. ब्रेझिंगचे पितळ वितळवायला ९०० च्या घरात जावे लागते. टॉर्च नेताच तुमच्या ब्रॅकेटचे डबके होईल.

फिरकी
थ्रीडी प्रिंट करा की. फाइल करून देतो.

टर्नरकाका
ठोकळे धरणाऱ्या भागापुरते ठीक. पण वरच्या ब्रॅकेटवर पात्याच्या दोन्ही पदरांची ओढ येते, म्हणजे ताणाच्या दुप्पट भार, आणि तोही सतत. प्लास्टिक हळूहळू ओढले जाईल. नको.

ढलपी
चुंबक चिकटत नाही.

जुनेलोखंड
मग जस्तच असावे. ह्या साच्याच्या मशीनचा नाजूक भाग हाच. जुनी स्प्रिंग मिटली की लोक हँडल पिळत राहतात आणि भार थेट ब्रॅकेटवर येतो. बरे एवढेच की ह्या साच्याला बसणारे तयार ब्रॅकेट मिळतात. पण नकलांमध्ये भोके आणि खाचा थोड्याफार वेगळ्या असतात, मोजल्याशिवाय मागवू नका. स्प्रिंगही सोबतच बदला. तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे आणि मोकळी लांबी द्या. तुमची दबून आखूड झाली असणार, म्हणून मोकळ्या लांबीवर भरवसा ठेवू नका. थोडी जास्त ताठ चालेल. फार ताठ घ्याल तर नवा ब्रॅकेटही तडकेल.

टर्नरकाका
तयार बसला नाही तर पोलादी ठोकळ्यातून मिलिंगवर करून घेता येतो. जुना तुकडा फेकू नका, नमुन्याला लागेल. काम झाले की रोज पाते ढिले करून ठेवत जा.

ढलपी
टायर आणि सील असलेली बेअरिंग मापावर मिळाली, मॉडेल कोणी विचारले नाही. सागवेडी म्हणाल्या तसे गरम पाण्यातून काढून युरेथेनचा टायर चढवला, एकट्याने जमत नाही, दुसरा माणूस हवाच. सांधा घासला, टक टक गेली. ठोकळे लाकडाचे कापले.

ब्रॅकेटची मापे: सरकणाऱ्या भागाची रुंदी ५०, जाडी १६, चाकाच्या शाफ्टचे भोक १९. ह्यावर मागवू का?

जुनेलोखंड
थांबा. बॉडीतल्या खाचेची रुंदी? ताणाच्या स्क्रूचे आटे कोणते, मिलिमीटरचे की इंची? आणि चाक तिरके करायच्या बिजागरीची पिन केवढी?

ढलपी
एकदम का नाही विचारत तुम्ही. खाच ५१. बाकीचे बघून सांगतो, पिन जाम बसली आहे.

भुसाभाई
पिनेवर रॉकेल सोडा आणि रात्रभर ठेवा.

सागवेडी
रॉकेल नको, गंज सोडवणारे तेल घ्या. आणि जस्त आहे, हातोडा जपून!