तरुण संघातलं लेकरू मनातलं बोलतं तेव्हा लीडरनं काय करावं?

अंबडकर_युवक:
सर्वांना सलाम. जालना जिल्ह्यात आमची छोटी ख्रिस्ती मंडळी आहे. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या व्हरांड्यात तरुण संघ भरतो, तो मी घेतो. परवा मीटिंग संपल्यावर बारावीचा एक मुलगा खुर्च्या आवरायला थांबला. लातूरला नीटचा क्लास करतो, सुट्टीला आलाय. खुर्चीत खुर्ची घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, रात्री झोपलो की सकाळी उठूच नये वाटतं." लगेच पुढं, "पप्पांना सांगू नका. पाळकसाहेबांना तर नकोच." मी त्याच्यासोबत प्रार्थना केली, घरापर्यंत सोडलं. रोज फोन करतोय. पण पुढं काय? सांगितलं तर त्याचा भरवसा जाईल, नाही सांगितलं आणि काही झालं तर?

दुसरं म्हणजे, दहावीतली एक मुलगी "एका नातेवाइकाबद्दल बोलायचंय" म्हणते आणि गप्प होते. तिच्याशी मी कसं बोलू?

बोर्डिंगची मावशी:
सलाम बेटा. मुलींच्या बोर्डिंगात मेट्रन म्हणून माझी सगळी नोकरी झाली. लेकरं समोर बसवून विचारलं की बोलत नाहीत. वेणी घालताना, तांदूळ निवडताना बोलतात, कारण तेव्हा कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही. तुझा पोरगा खुर्च्या आवरताना बोलला ते त्याचमुळं. आता त्याला ऑफिसात बोलावून बायबल उघडून बसू नकोस. असंच काहीतरी काम हातात घेऊन बोल.

आणि स्पष्ट विचार: "जीव द्यावा असं मनात येतं का? कसं, कधी, काही ठरवलंयस का?" विचारल्यानं ते खूळ डोक्यात शिरतं असं लोक समजतात, तसं होत नाही. उलट लेकराला हायसं वाटतं. ठरवलंय म्हणाला तर त्याला त्या रात्री एकटं सोडायचं नाही. घरच्यांना त्याच दिवशी सांगायचं. आपल्याकडं कपाशीवर फवारायचं औषध घरातच कोपऱ्यात पडलेलं असतं, ते आधी कुलपात गेलं पाहिजे.

"कुणाला सांगू नका" याला होकार देऊ नकोस. म्हण, "गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगावंच लागेल. कुणाला, ते तू सांग. मी सोबत येतो." बहुतेक लेकरं आईचं किंवा मामाचं नाव घेतात.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. हे प्रार्थना-विषय म्हणून ग्रुपवर टाकू नकोस. "लातूरला शिकणाऱ्या एका तरुण भावासाठी प्रार्थना करा" एवढं लिहिलं तरी मंडळीतली चुलीपुढची बाई ओळखते तो कोण. चांगल्या भावनेनंच होतं हे, आणि लेकरू पुन्हा कुणापुढं तोंड उघडत नाही. प्रार्थना तू कर, खोलीत, दार लावून.

एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता (१ राजे १९). देवानं त्याला विश्वास कमी पडला म्हणून झापलं नाही. झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. हा पोरगा किती झोपतो, काय खातो, ते विचारलंस का?

टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारी फोन-सेवा, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तुला स्वतःला विचारायचं असलं तरी लाव.

वकील_संभाजीनगर:
मुलीबद्दल. एकट्यानं बसू नका. तिला चालेल अशी एखादी ताई बरोबर घ्या, दार उघडं ठेवा. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. खोदून खोदून विचारू नका, आणि त्या नातेवाइकाला जाब विचारायला तर मुळीच जाऊ नका.

लैंगिक छळाची गोष्ट निघाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. सद्हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. "पास्टोरेट कमिटीत (चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत) मिटवू" हा मार्ग कायद्यात नाही. घरचे घाबरतात म्हणून सांगतो: जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हवा तिथं घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेशात नाही. मुलांसाठीची मदत-लाइन, चाइल्डलाइन १०९८.

एक विश्वासू:
आधी उपास-प्रार्थना करा. डॉक्टर, पोलीस हे जगाचे मार्ग आहेत.

बोर्डिंगची मावशी:
भाऊ, उपास मीही धरते. पण मिशन दवाखान्यात आपल्याच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना करून मग इंजेक्शन दिलंय. एकामुळं दुसरं अडत नाही.

अंबडकर_युवक:
मावशी, काल विहिरीवर मोटार सुरू करायला त्याला घेऊन गेलो आणि सरळ विचारलं. काही ठरवलेलं नाही म्हणाला, पण दोन-तीन महिने झोप नाही. आईला सांगायला तयार झाला, आज दोघं जाऊन सांगितलं. माउली रडली, पण रागावली नाही. औषधाचा डबा चुलत्याकडं हलवला. मुलीशी बोलायला आमच्या शाळेच्या बाई रविवारी येतायत. जालन्याच्या सिव्हिलला मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात ना?

बोर्डिंगची मावशी:
भेटतात. केसपेपर सकाळीच काढा, नंतर गर्दी होते. आईला सोबत आणा. मी जालन्यातच राहते, मेसेज कर, गेटपाशी थांबते. आणि त्या मुलीला रविवारपर्यंत थांबवू नका, बाईंना आजच फोन लाव.