राखीव टोकन विकली जात आहेत. मतदान एका कंपनीच्या हाती जाऊ नये म्हणून काय करावे?

नमस्कार. आम्ही नागपूरचे सात जण गेली चार वर्षे एक लहान विकेंद्रित ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली व्यवहारांची वही) सांभाळत आहोत. ब्लॉक, म्हणजे या वहीची नवी पाने, तयार करणारे पंधरा नोड (संगणक) टोकनधारकांच्या, म्हणजे साखळीचे डिजिटल नाणे बाळगणाऱ्यांच्या, मतांवर निवडले जातात. सुरुवातीला १८ टक्के टोकन विकासासाठी एका संस्थापकाच्या नावे ठेवली आणि त्यांवर कधीही मतदान करायचे नाही असे ठरले. मात्र ते तोंडीच राहिले, कोडमध्ये आले नाही. आता ते गृहस्थ बाहेर पडत असून त्यांचा संपूर्ण साठा एक कंपनी विकत घेणार आहे.

गेल्या रविवारी धरमपेठेत एका सहकाऱ्याच्या घरी बसून आम्ही मागच्या मतदानाचे आकडे मांडले, तेव्हा पंधराव्या क्रमांकाच्या नोडला जेमतेम ६ टक्के टोकनांची मते असल्याचे दिसले. आमच्याकडे तेच टोकन पंधराही उमेदवारांना पूर्ण वजनाने मत देऊ शकते, ही खरी मेख आहे; म्हणजे १८ टक्के हाती असलेली एकटी कंपनीही अनेक जागांवर आपले नोड बसवू शकते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

२०२० मध्ये स्टीम या ब्लॉकचेनवर हेच घडले. ट्रॉन या ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीम चालवणारी स्टीमिट कंपनी घेतली, तिच्याकडील टोकनांचा साठा समाजाने सॉफ्ट फोर्कने (जुन्या नियमांशी सुसंगत अशा नियमबदलाने) गोठवला आणि मार्चच्या सुरुवातीला एक्स्चेंजांवरील ग्राहकांच्या ठेवींची मते वापरून वरचे वीसही विटनेस (तिथले ब्लॉक तयार करणारे निवडलेले चालक) बदलले गेले. २० मार्चला लोकांना हाइव्ह ही वेगळी साखळी काढावी लागली, आणि तिथे नव्याने गुंतवलेल्या टोकनांना ३० दिवस विटनेस निवडण्याचा मताधिकार मिळत नाही.

अशी मुदत आणि एका टोकनाचे मत उमेदवारांत विभागण्याचा नियम, हे दोन्ही एकाच फोर्कमध्ये (साखळीच्या नियमबदलात) आणणे सुरक्षित आहे का? साठा गोठवणे मला पटत नाही, कारण आज त्यांची मालमत्ता गोठवली तर उद्या कोणाचीही गोठवता येईल. पण दिलेला शब्द कोडमध्ये उतरवून केवळ त्या साठ्याचा मताधिकार काढणे न्याय्य ठरेल का?

शिवाय डोमेन आणि कोडच्या भांडाराची मुख्य चावी अजून एकाच सभासदाच्या खासगी ईमेलवर आहे. ती पाचपैकी तीन सह्यांच्या व्यवस्थेत हलवतो आहोत. नाव व बोधचिन्हाच्या ट्रेडमार्कसाठी कलम ८ खालील (नफा न वाटणारी) कंपनी काढावी, तर तिचे संचालकच उद्या फुटले तर काय, ही शंका राहते.

व्यवहार महिनाअखेरीस होणार आहे. ज्यांनी चालू साखळीवर मतदानाचे नियम प्रत्यक्ष बदलले आहेत, त्यांनी नोडचालकांची संमती कोणत्या क्रमाने घेतली ते कृपया सविस्तर लिहावे.