शब्दचर्चा: 'मदत' एकच, मग प्लेज, कमिट आणि डिस्बर्सला काय म्हणायचं?

सांजवारा
अफगाणिस्तानवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि एका परिच्छेदावर अडकलेय. जानेवारी २००२ मध्ये टोकियोत परिषद झाली, तिथे वेगवेगळ्या देशांनी मिळून साडेचार अब्ज डॉलर 'प्लेज' केले. लेखक पुढे म्हणतो की प्लेज वेगळं, कमिट वेगळं, डिस्बर्स वेगळं, आणि काबूलला नेमकं हेच अंतर महाग पडलं. मी तिन्हीकडे 'मदत दिली' लिहून बघितलं तर मुद्दाच नाहीसा होतो, कारण आपल्याकडे दिली म्हणजे दिली. 'वचन दिलं' फार पौराणिक वाटतं. आणि दुसरं, रिकन्स्ट्रक्शनला काय वापरता? पुनर्बांधणी, पुनर्रचना, पुनर्निर्माण, पुनर्वसन?

हिशेबनीस
ताई, तुमचे तिन्ही शब्द आमच्या टेबलावर रोज असायचे. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात नोकरी झाली माझी. जाहीर, मंजूर, वितरित. मंत्री सभेत जाहीर करून जातात, मग मंजुरीचा कागद निघतो, मग कधीतरी बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधी वितरण प्रणालीवर, निधी दिसतो आणि तो दिसेपर्यंत ठेकेदाराला कोणी हात लावू देत नाही. चौथाही शब्द आहे, खर्ची पडला. टोकियोचं वाक्य 'साडेचार अब्ज डॉलर जाहीर झाले' असं लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळेल की हातात अजून काही नाही.

शुद्धमती
'वितरित' चांगला आहे. पण मुळात 'मदत' कशाला? तो अरबी शब्द. अर्थसाहाय्य लिहा, लष्करी साहाय्य लिहा. आणि कृपया 'सहाय्य' नको, सहाय म्हणजे सोबती, त्यावरून भाववाचक नाम साहाय्य. वर्तमानपत्रं रोज चुकतात म्हणून चूक बरोबर होत नाही.

डोंगरपायथा
शुद्धमती, पूर आला की गावात मदत येते, साहाय्य येत नाही हो. अरबी असला तरी इतकी शतकं आपल्या तोंडात आहे, आता तो आपलाच. साहाय्य फक्त अर्जात असतं.

मोडीवाचक
अरबी-फारसीचा विषय निघालाच आहे तर 'कुमक' का कोणी काढत नाही? पेशवेकालीन पत्रांत पानोपानी आहे, कुमक पाठवावी, कुमकेस यावे. मिलिटरी एडला हा शब्द तयार आहे. आर्थिक ती मदत, लष्करी ती कुमक, धान्य-दारूगोळा ती रसद. तीन वेगळे शब्द असताना आपण सगळ्यांना एकाच 'मदती'त कोंबतो याचं वाईट वाटतं.

काबूलरिटर्न
कुमक वाचून राहवलं नाही. पुल-ए-खुमरीहून काबूलला जी २२० केव्हीची लाइन भारताने बांधून दिली, उझबेकिस्तानची वीज त्या लाइनने काबूलला जाते, त्या कामावर होतो. तिथल्या दरी भाषेत, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीत, 'मदत' म्हणायला रोजचा शब्द कुमकच. गाडी ढकलायला हात लावा तरी कुमक, गव्हाची पोती आली तरी कुमक, आणि परदेशी पैसा, बंदुका, ट्रेनिंग सगळं कुमक. म्हणजे मोडीवाचक जी विभागणी सांगतायत ती मराठीने केली, मूळ भाषेत नाही. मला सुरुवातीला ऐकताना सारखं वाटायचं की कुठेतरी लढाई लागलीय.

मोडीवाचक
मूळ तुर्की, फारसीतून आपल्याकडे. आणि मराठीने अर्थ आवळला यात गैर काय? शब्द आपल्या कामापुरता घ्यायचा असतो.

उंबरठा
पण कुमक म्हणजे लढाई चालू असताना येणारी जास्तीची फौज. अमेरिकेने अफगाण सैन्याचे पगार भरले, गाड्या दिल्या, वर्षानुवर्षं शिकवलं, ती कुमक कशी? त्यापेक्षा तैनाती फौज जवळची वाटते, १८०२ चा वसईचा तह आठवा.

मोडीवाचक
अजिबात नाही. तैनाती फौजेचा खर्च पेशव्याच्या माथी होता, त्यासाठी मुलूख तोडून द्यावा लागला. इथे पैसा देणाऱ्याचा होता. तुलना करा, पण पैसे कोणी मोजले हे सोडून करू नका.

सांजवारा
थांबा जरा, हीच माझी दुसरी अडचण आहे. अमेरिकेच्या सिगार या देखरेख कार्यालयाच्या हिशेबात २००२ पासून साधारण १४५ अब्ज डॉलर 'रिकन्स्ट्रक्शन'ला मंजूर झाले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त, ८८ अब्जांच्या आसपास, अफगाण सैन्य आणि पोलिसांवर. मी 'पुनर्बांधणी' लिहिलं की वाचकाच्या डोळ्यासमोर पूल, शाळा, दवाखाने येणार. बंदुका येणार नाहीत. हे मला खोटं वाटतं, आणि हा फरक नीट पोचावा असं मनापासून वाटतं कारण ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानपुढे जे अफगाण सैन्य कोसळलं ते या पैशातलं सगळ्यात मोठं 'बांधकाम' होतं.

शुद्धमती
मग पुनर्रचना. रचनेत सैन्यही येतं. आणि पुनर्उभारणी असं काही लिहू नका, संधी होऊन पुनरुभारणी होईल.

डोंगरपायथा
फेरउभारणी म्हणा. फेरतपासणी, फेरमतदान चालतं ना. पुनर् कशाला लागतो प्रत्येक वेळी?

तेरणाकाठ
आमच्याकडे लातूर-उस्मानाबादला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जे झालं त्याला सगळे पुनर्वसनच म्हणतात. जागतिक बँकेचं कर्ज होतं, परदेशी पैसा होता, संस्थांनी गावं दत्तक घेतली, पण कोणी पुनर्बांधणी म्हणालं नाही. आजी अजूनही 'वसनात राहते' म्हणते. घर बांधून मिळालं तरी माणूस वसायला वेळ लागतो, म्हणून मला हाच शब्द खरा वाटतो.

उंबरठा
पुनर्वसन म्हणजे उठवलेल्या माणसांना दुसरीकडे बसवणं. कोयनेपासून तोच अर्थ आहे. देशाचं पुनर्वसन कसं करणार, देश तर जागेवरच आहे.

तेरणाकाठ
माणसं जागेवर नव्हती ना. लाखो अफगाण पाकिस्तान-इराणमधून परत आले, ते वसवणंच होतं.

मोडीवाचक
वसवण्यावर बोलताय तर जुना शब्द देतो, कौल, म्हणजे सरकारचं लेखी अभयवचन. फौजांनी तुडवून गाव बेचिराख झालं की सरकार कौल देऊन रयत परत आणत असे, आणि सारा लगेच पूर्ण घेत नसे, इस्तावा लावत. म्हणजे पहिल्या वर्षी थोडा, मग दरसाल चढता. बी-बियाण्याला, बैलाला तगाई. ही खरी पुनर्बांधणी. मार्शल योजनेत १९४८ ते ५२ मध्ये सुमारे १३ अब्ज डॉलर युरोपला गेले, बराचसा भाग परतफेड नसलेला, पण विचार तोच, की माणूस आधी उभा राहू दे.

हिशेबनीस
तगाई फेडावी लागायची साहेब. परतफेड नसेल तर ते अनुदान. हे दोन एकत्र करू नका, सगळा घोळ तिथेच होतो. आणि अफगाण फौजेत ते 'घोस्ट सोल्जर' म्हणतात, नाव आहे, पगार निघतो, माणूस नाही, त्याला भूत-सैनिक वगैरे लिहू नका ताई. रोजगार हमीपासून आपल्याकडे 'मस्टरवरची माणसं' म्हणतात, तेच लिहा.

सांजवारा
मस्टर घेतला! पण 'कमिट'ला मंजूर पुरेसं आहे का? देणाऱ्याच्या संसदेने मंजूर केलं तेही मंजूर, आणि ठरावीक प्रकल्पाच्या करारात अडकवलं तेही मंजूर?

डोंगरपायथा
मोडीवाचक, बेचिराख म्हणजे राख झालेलं ना? मग त्यात 'बे' कशाला?

मोडीवाचक
राखेचा काही संबंध नाही. बे-चिराग, जिथे दिवा लागत नाही असं, म्हणजे ओस. महसुली दप्तरात आजही बेचिराख गावं आहेत, तिथे कधीच काही जळलेलं नाही, नुसती वस्ती उठलेली.

शुद्धमती
व्युत्पत्ती असेल, पण आज शंभरातल्या नव्याण्णवांना राखच दिसते. 'बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख' यात दिवा कोण बघतो?

डोंगरपायथा
अहो, मग चालत्या वापराला तुम्ही मान देता तर! 'सहाय्य'ने काय पाप केलं?

शुद्धमती
तो अर्थाचा बदल आहे, हे अशुद्ध लेखन आहे. दोन्ही एक नाही.

काबूलरिटर्न
दरीतही चिराग म्हणजे दिवाच. हेरातला हरीरूद नदीवर सलमा धरण भारताने पूर्ण करून दिलं, २०१६ ला उद्घाटन झालं, ४२ मेगावॉटचं. त्या बाजूला वीज नसलेल्या गावाला बेचिराग म्हणतात का, ते तिथल्या जुन्या सहकाऱ्याला विचारतो आणि इथे लिहितो.

मोडीवाचक
जरूर विचारा. आणि ओसाड गावाला तिकडे दुसरा शब्द आहे का तेही.