सामायिक कॅमेरा टपालाने फिरवणे आता थांबवावे का?

रिकामी फ्रेम (सोलापूर), धागाकर्ता

आम्हा सात हौशी छायाचित्रकारांच्या सामायिक मालकीचा एक पेंटॅक्स के-१००० कॅमेरा गेली तीन वर्षे टपालाने घरोघर फिरतो आहे. सोलापुरात तिघे, पुण्यात दोघे, बार्शीत एक आणि रत्नागिरीत एक, अशी आमची विभागणी आहे. महिनाभर कॅमेरा ठेवायचा, एक रोल काढायचा, पेटीतल्या वहीत प्रत्येक फ्रेमचा शटरचा वेग आणि अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचे माप) लिहायचे आणि पेटी पुढच्या पत्त्यावर रवाना करायची, एवढाच काय तो नियम.

या मे महिन्यात पेटी पुण्याहून माझ्याकडे निघाली आणि वाटेत कुठल्याशा गोदामात नऊ दिवस पडून राहिली. ती हाती आल्यावर रोल न घालताच मी एकदा शटर दाबून पाहिले, तर लेन्समागचा आरसा वर गेला तो वरच राहिला आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख झाला. लेन्स काढून पाहिली तेव्हा उलगडा झाला. आरसा वर जाऊन आदळतो तिथे बसवलेली फोमची पट्टी विरघळून डांबरासारखी झाली होती आणि आरसा तिला चिकटला होता. कागदाच्या कडेने तो सोडवताना माझा जीव किती वर-खाली झाला, हे ज्याने असे काम केले आहे त्यालाच कळेल.

माझे स्पष्ट मत असे आहे की हा टपालाचा प्रकार आता पुरे करावा. कॅमेरा मागून आणणे माझ्या पिढीला नवे नाही. माझ्या लहानपणी आमच्या गिरणीच्या चाळीत चार बिऱ्हाडांत मिळून एकच आगफा क्लिक-थ्री होता. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजचा तो कॅमेरा १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो द्यायचा, आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत तो मिळावा म्हणून आम्ही पोरे मालकाची कामे आपणहून करायचो. मात्र तो देताना मालक दोन वाक्ये हमखास बोलायचा: सूर्य पाठीशी ठेव, आणि बारा फोटो झाले की मागचे दार न उघडता तसाच माझ्याकडे आण. पार्सलातून कॅमेरा येतो, पण ही दोन वाक्ये येत नाहीत. गेल्या वर्षी एका सदस्याच्या रोलचे टोक पलीकडच्या चक्रीत अडकलेच नव्हते. आकडा छत्तीसपर्यंत गेला आणि धुतल्यावर हाती आली ती कोरी पट्टी. लिव्हर ओढताना रिवाइंडची मूठ फिरते की नाही तेवढे बघ, असे सांगायला समोर माणूस असता, तर तो रोल वाचला असता.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की कॅमेरा सोलापुरात राहावा, ज्याला हवा त्याने येऊन हातातून हातात न्यावा आणि तसाच परत आणून द्यावा.

पागोळी (रत्नागिरी)

काका, आपल्याविषयी आदर राखूनच लिहिते, पण हा प्रस्ताव मला मुळीच मान्य नाही.

के-१००० चे उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले आणि १९९७ मध्ये थांबले, म्हणजे आपला कॅमेरा अगदी शेवटच्या खेपेतला असता तरी त्याचे वय तिशीला टेकले असते. इतक्या वर्षांचा फोम कपाटात बसल्या जागीही चिकट होतो आणि त्याचा भुगा पडतो. शिवाय मे महिन्यात बेचाळीस अंशांवर तापणाऱ्या सोलापुरातच आपण त्याला कायमचा मुक्काम द्यायला निघाला आहात! गोदामाने त्या फोमचे मरण थोडे अलीकडे आणले असेल, पण ते आज ना उद्या यायचेच होते.

माझ्या बाजूची चूक मी लपवत नाही. पहिल्या वर्षी जुलैभर कॅमेरा माझ्याकडे लाकडी कपाटात राहिला आणि लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसू लागले. ती लेन्स उघडून साफ करून घेण्याचा खर्च मी दिला, आणि तेव्हापासून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते. दाणे दमट झाले की मंद तव्यावर परतून पुन्हा कोरडे करते. हे मला समोर बसून कोणी शिकवले नाही, नुकसान झाल्यावर मी शिकले.

राहिला हातातून हातात नेण्याचा प्रश्न. रत्नागिरीहून सोलापूर म्हणजे कोल्हापूरमार्गे अख्खा दिवस जातो. कॅमेरा नेण्यासाठी एकदा आणि परत करण्यासाठी एकदा असे चार दिवस मी कुठल्या रजेतून काढावेत? सोलापुरातल्या तिघांना रिक्षाने जाता येईल आणि उरलेल्या चौघांनी वर्गणी भरून फोटो पाहावेत, याला सामायिक कॅमेरा म्हणत नाहीत. याला तुमचा कॅमेरा आणि आमची देणगी म्हणतात.

बार्शीकर

मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे, पण माझे कारण वेगळे आहे.

भावकीतल्या सामायिक विहिरीचे पाणी सगळे उपसतात, पण गाळ काढायच्या दिवशी प्रत्येकाच्या घरी पाहुणे आलेले असतात. या कॅमेऱ्याचे तसेच झाले आहे. त्याच्या लाइटमीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, बंद-चालूचे बटण नाही. लेन्सवर टोपण असेल तरच मीटर झोपतो. आजवर चार वेळा पेटी माझ्याकडे आली आणि त्यांतल्या तीन वेळा टोपण पेटीच्या तळाशी आणि सेल मेलेला. सेलची किंमत किरकोळ आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. टोपण लावायला एक क्षणही लागत नाही आणि तेवढाही कोणी देत नाही, याचा राग येतो. पूर्वी रजिस्टर पोस्टाने सहीनिशी पेटी देण्याचा आमचा शिरस्ता होता. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आणि तेव्हापासून जो तो सोयीचे कुरियर शोधू लागला. टपाल चालूच ठेवायचे असेल तर प्रत्येकाने अनामत भरावी, पार्सलाचा विमा उतरवावा आणि पेटी बंद करण्यापूर्वीचा फोटो सर्वांना पाठवावा. हे जमणार नसेल तर काकांचे म्हणणे बरोबर आहे.

छत्तीसावा (पुणे)

मे महिन्यातली ती पेटी मीच पाठवली होती, त्यामुळे सर्वांची माफी मागून सुरुवात करतो. पाळी संपून दोन दिवस उलटले होते, म्हणून घाईघाईने शुक्रवारी संध्याकाळी पार्सल दिले; पुढे जोडून सुट्ट्या आहेत हे माझ्या ध्यानातच आले नाही.

तरीही कॅमेरा एका जागी बसवण्याला माझा विरोध आहे. उलट माझे म्हणणे आहे की आपण अजून पुरेसे सामायिक झालेलो नाही. सातही जणांनी मिळून एकच रोल काढावा, प्रत्येकाने पाच फ्रेम घ्याव्यात आणि अर्धवट रोल आत ठेवूनच कॅमेरा पुढे पाठवावा. माझ्या गेल्या रंगीत रोलला धुलाई आणि स्कॅन धरून दीड हजारांच्या वर खर्च आला, तोही असा सातांत विभागला जाईल. आणि रत्नागिरीच्या पावसाला लागून सोलापूरचे ऊन एकाच पट्टीवर पाहायला मिळणे, ही गंमत मोबाइलवर कुठून आणणार?

अंधारखोली (सोलापूर)

या सात जणांचे सगळे कृष्णधवल रोल माझ्या न्हाणीघरात धुतले जातात, म्हणून चार शब्द बोलायचा अधिकार मी घेते. आमचा स्टुडिओ होता तेव्हा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद आमच्याकडे खोक्यांनी येत असे. तो कारखाना बंद पडला, आमचा स्टुडिओही मिटला, पण निगेटिव्ह उजेडासमोर धरून वाचायची सवय काही गेली नाही.

आधी छत्तीसावा यांच्या एका रोलच्या कल्पनेविषयी. नको. वापरलेल्या फिल्मवर उमटलेले चित्र धुण्याआधी तितके टिकाऊ नसते आणि उष्णता त्याची मोठी वैरीण आहे. सात महिने फिरून, दोन उन्हाळी गोदामे पाहून आलेला रोल माझ्या हाती आला तर पहिल्या माणसाच्या पाच फ्रेमवर राखाडी धुके चढलेले असेल आणि बोल मात्र माझ्या डेव्हलपरला, म्हणजे धुलाईच्या रसायनाला, लागेल. इथे मे महिन्यात टाकीतले पाणी हाताला चटका देते. डी-७६ डेव्हलपर वीस अंशांवर आणायला मी बर्फाच्या पिशव्या लावून बसते, तेही नळाला पाणी येण्याचा दिवस गाठून, कारण शेवटच्या धुण्याला वाहते पाणी हवे. एवढे सोसून धुके कोणी धुवावे?

आता काका, थोडे आपल्याविषयी. गेल्या पावसाळ्यात सलग तीन रोलांवर मला एक खोड दिसली. फ्रेमच्या खालच्या कडेला, डावीकडे, केसाएवढी एक वाकडी रेघ, प्रत्येक फोटोत त्याच जागी. प्रिंटवर ती काळी उमटते. फिल्मसमोरच्या चौकटीत काहीतरी अडकले असणार, म्हणून कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा मागचे दार उघडून भिंगातून पाहिले आणि चिमट्याने एक धागा काढला. सुताचा, लाल रंगाचा. आपण कॅमेरा ज्या जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून देता, तिच्या नक्षीतला तो धागा आहे. चादर थंडीला उत्तम, पण कॅमेऱ्याला नको.

दुसरे असे की आपली ‘दोन वाक्ये’ मला पटतात, पण ती फक्त समोरासमोरच सांगता येतात हे पटत नाही. यंदा जानेवारीत पुण्याचे दुसरे सदस्य गड्ड्याला आले, तेव्हा कॅमेरा आपण स्वतः त्यांच्या हातात दिलात. संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याचा त्यांचा पूर्ण रोल अंधारा आला. नंदीध्वजांभोवती सगळीकडे पांढऱ्या बाराबंदी, म्हणजे बंदांचे अंगरखे. मीटर बिचारा समोरचे सारे मध्यम राखाडी धरून चालतो, एवढे पांढरे दिसले की उजेड फार आहे असे समजतो आणि शटरचा वेग वाढवायला सांगतो. मग पांढरे कपडे राखाडी होतात आणि त्यांतले सावळे चेहरे काळवंडतात. समोर माणूस होता, पण हे सांगायचे राहून गेले. उलट पेटीतल्या वहीत आपल्याच अक्षरात दोन वर्षांपूर्वीची नोंद आहे: ‘बाराबंदी असेल तर मीटर सांगतो त्याहून एक ते दीड स्टॉप उघडे ठेवावे.’ (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड.) ती नोंद वाचली कोणी? पागोळीने. रत्नागिरीतल्या ‘पांढरा समुद्र’ नावाच्या किनाऱ्यावर भर दुपारी काढलेल्या तिच्या रोलात वाळूही वाळूसारखी आहे आणि माणसांचे डोळेही दिसतात.

म्हणून माझे मत असे आहे की पेटी फिरू द्यावी, पण बारा महिने नव्हे. मार्चपासून जूनचा पाऊस पडेपर्यंत ती निघू नये, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात जाऊ नये. आत रोल ठेवू नये. वही मात्र पाठवलीच पाहिजे. एक वेळ कॅमेरा मागे राहिला तरी चालेल.

पागोळी (रत्नागिरी)

ताई, आपण माझी बाजू घेतलीत आणि त्याच दमात माझे दोन महिने काढून घेतलेत! माझ्याकडे पावसाळ्याइतका दुसरा विषय नाही. बाकी सगळे मान्य आहे, पण जुलै सोडायला मी तयार नाही. डबा, सिलिका जेल आणि रोज एकदा लेन्सची तपासणी, असे लेखी द्यायला तयार आहे.

काका, एक सांगायचे राहिले होते. पहिल्या खेपेला पेटीत आपण शेंगाचटणीची पुडी घातली होती, तिचे तेल वहीच्या पहिल्या चार पानांना लागले आहे. बाराबंदीची नोंद पाचव्या पानावर होती म्हणून वाचता आली.

रिकामी फ्रेम (सोलापूर), धागाकर्ता

धाग्याची चूक माझीच आहे, ती कबूल करतो. चादर गेली, तिच्या जागी चष्म्याच्या दुकानातून आणलेले मऊ कापड आणि त्यावर फुग्यांचा कागद घातला आहे. बाराबंदीचेही खरे आहे, त्या दिवशी गर्दीत माझ्या डोक्यातून ते साफ निसटले.

मात्र उन्हाळ्याबाबत अंधारखोली ताईंनी माझ्याच म्हणण्याला दुजोरा दिला आहे, हे कोणी नजरेआड करू नये. कॅमेरा दुरुस्त होऊन आला आहे आणि कारागिराने आरशाची पट्टी व मागच्या दाराचा फोम दोन्ही नवे बसवले आहेत. हे काम हाताने करणारे गावात आता किती उरले आहेत हे मी जाणतो, म्हणून माझी भीती अजून गेलेली नाही. पुण्यापुरते तरी माझे ऐका. आमच्यापैकी एक जण हुतात्मा एक्सप्रेसने महिन्यातून दोनदा पुण्याला जातो, तो स्टेशनवर पेटी हातात देईल आणि परत आणेल. बार्शी तर जवळच आहे, मी स्वतः एसटीने जाईन. अनामत आणि विमा या बार्शीकरांच्या दोन्ही अटी मला मान्य आहेत.

रत्नागिरीचे काय करायचे, ते मला अजून सुचलेले नाही.

पागोळी (रत्नागिरी)

म्हणजे सातांपैकी सहा जणांना हातातून हातात, आणि टपाल उरले ते एकटीसाठी. ठीक आहे, तसे तर तसे. माझी पाळी नोव्हेंबरात आहे. अनामत आजच पाठवते. पेटी बंद करताना टोपण लावलेला फोटो तेवढा पाठवा.