मदत हवी आहे : अल कूपर यांचे ऑर्गनवादन आणि निर्मिती

अमेरिकन रॉक कीबोर्डवादक, गीतकार आणि निर्माते अल कूपर यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीवर मी लेख लिहीत असून त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. जून १९६५मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बॉब डिलन यांच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’चे ध्वनिमुद्रण चालू असताना, गिटार वाजवायला मिळेल या आशेने आलेले २१ वर्षांचे कूपर ऑर्गनवर जाऊन बसले, त्या वाद्याचा फारसा सराव नसल्यामुळे इतरांचा कॉर्ड (एकत्र वाजवलेला स्वरसमूह) कानावर पडल्यावरच ते पट्ट्या दाबत होते, आणि किंचित मागून येणारा तो स्वरच पुढे गाण्याची ओळख ठरला. हेडफोन लावल्यावर हा विलंब मला स्पष्ट जाणवतो, परंतु तो नेमक्या शब्दांत मांडता येत नाही. हॅमंड ऑर्गन, निदान हार्मोनियम वाजवणारे कोणी तो मात्रेच्या हिशेबात समजावून सांगू शकेल का?

शिवाय १९६८चा ‘सुपर सेशन’ हा अल्बम आणि लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन रॉक बँडचे पहिले तीन अल्बम, यांपैकी निर्माता म्हणून त्यांचा हात कोठे अधिक ठळक ऐकू येतो? त्यांच्या कामाची ही बाजू, माझ्या मते, फार उपेक्षित राहिली आहे. कृपया विशिष्ट गाण्यांची नावे द्यावीत.