मदत हवी आहे: वीज-चुंबकत्वाच्या पेपरात गॉसचा नियम किती सविस्तर लिहायचा?

बीएस्सी दुसरं वर्ष, फिजिक्स, नागपूर. इंटर्नलला ५ मार्कांचा प्रश्न होता: एकसमान भारित भरीव गोलाच्या आत, केंद्रापासून r अंतरावर विद्युतक्षेत्र काढा. मी गॉसियन पृष्ठभागाची (आत कल्पिलेल्या r त्रिज्येच्या गोलाची) आकृती काढली, आतला भार r च्या घनाच्या प्रमाणात घेतला आणि क्षेत्र r च्या सम प्रमाणात येतं हे दाखवलं. उत्तर बरोबर, एककही लिहिलं. मिळाले २. शेरा: ‘स्टेप्स अपुऱ्या’.

सरांना विचारलं, तर ‘वर्गात केलं तसं लिहा’ म्हणाले. वर्गातलं वहीत उतरवलेलं आहे, पण त्यातही बरंच सरांनी तोंडीच सांगितलं होतं. सिनियर्सच्या वह्या पाहिल्या. कोणी पानभर लिहिलंय, कोणी चार ओळीत संपवलंय. बर्डीवरच्या झेरॉक्स नोट्समध्ये तर नुसती सूत्रं असतात, त्या सोडा.

इंटर्नलचे मार्क वाढवून नको आहेत. विद्यापीठाची परीक्षा जवळ आली आहे, तिची काळजी आहे. पेपर इंग्रजीतून लिहितो, ट्यूशन नाही.

नागपूर विद्यापीठाचे पेपर तपासलेले कोणी सर-मॅडम इथे असतील तर सांगा: क्षेत्र त्रिज्येच्या दिशेनेच का आणि गॉसियन पृष्ठभागावर सगळीकडे सारखंच का, हा सममितीचा युक्तिवाद शब्दांत लिहिला नाही तर मार्क कापतात का? आणि गोलाच्या पृष्ठभागावर आतलं-बाहेरचं उत्तर जुळतं हे दाखवलं, तर त्याला वेगळा मार्क असतो की तेवढा वेळ पुढच्या प्रश्नाला द्यावा?