गावच्या ग्रुपवर ‘बोगस बियाणेवाला’ म्हणून टाकलं, बदनामीचा दावा लागेल का?

बांधावरचा: मेव्हण्याचं बीड जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकानं टाकलं, ‘हा चोर आहे, जाणूनबुजून बोगस सोयाबीन विकतो.’ त्यानंच तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्जही दिलाय. पोलिसांनी एनसीचा (अदखलपात्र नोंदीचा) कागद हातावर ठेवला अन् मोकळे झाले. आता तालुक्याला जावं का संभाजीनगरला?

काळा कोट: पोलिसांचं चुकलं नाही. बदनामी अदखलपात्र आहे, ते स्वतःहून तपास करू शकत नाहीत. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम 356 लागतं, आधीच्याला जुन्या दंड संहितेचं 499-500. मेव्हण्यानं स्वतः तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं खासगी फिर्याद द्यायची, मग फिर्यादीचा अन् साक्षीदारांचा शपथेवर जबाब होतो. नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात कोर्टानं दखल घेण्याआधी समोरच्याचं म्हणणं ऐकावं लागतं, म्हणून पहिल्याच तारखेला समन्स निघेल असं धरू नका. शिक्षा 2 वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठाचं नाव निघतं ते नंतर, आरोपी फिर्याद रद्द करायला तिकडं धावतो तेव्हा.

मुदत 3 वर्षं आहे, घाई नाही.

रोजनामा: वरचं सगळं बरोबर, पण ‘घाई नाही’ हे फौजदारीपुरतं. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला फक्त 1 वर्ष, तेही मेसेज टाकल्या दिवसापासून. नोटीस, उत्तर, बैठक, पुन्हा नोटीस यात वर्ष निघून जातं अन् दावा मुदतबाह्य ठरतो. खाजगी माणसाला नोटीस देणं सक्तीचं नाही, तरी 15 दिवसांची द्यावी. माफी आली तर ती त्याच ग्रुपवर, त्याच माणसाच्या नंबरावरून टाकून घ्या. गुन्हा आपसात मिटवता येतो.

भरपाईचा आकडा फुगवू नका, कोर्ट फी त्याच आकड्यावर लागते. 50 लाख मागायचे अन् धंद्याचं नुकसान दाखवायला विक्रीच्या वह्या नाहीत, असं होतं. मागच्या दोन हंगामांची बिलं अन् जीएसटीची विवरणपत्रं जोडा.

पेरणीयंत्र: खरी मेख शब्दांत आहे. ‘ह्याचं बियाणं उगवलं नाही’ ही मालाची तक्रार झाली. ‘चोर आहे, जाणूनबुजून बोगस विकतो’ हा माणसाच्या सचोटीवरचा आरोप. फिर्यादीत सारांश लिहू नका, मेसेज जसाच्या तसा, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट उतरवा.

कृषी अधिकाऱ्याकडचा अर्ज बाजूला ठेवा. अधिकार असलेल्याकडं सद्हेतूनं केलेली तक्रार बदनामीच्या कलमाच्या आठव्या अपवादात बसते, त्यावर दावा उभा केला तर मूळ मेसेजचा दावाही पातळ होतो.

समोरचा म्हणणार, मी खरं तेच बोललो अन् लोकांच्या भल्यासाठी बोललो. तेव्हा लॉट नंबर, खरेदी-विक्रीची बिलं अन् तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीचा पंचनामा हातात पाहिजे. प्रमाणित सोयाबीनची उगवणक्षमता किमान 70 टक्के लागते. पंचनाम्यात पेरणीची खोली अन् पेरणीवेळची ओल लिहिलीय का बघा. अपुऱ्या ओलीवर पेरलेलं किंवा 5 सेंटीमीटरच्या खाली गेलेलं चांगलं बियाणंही वर येत नाही. पण त्याच लॉटचं बियाणं चार-पाच शेतांत गेलं अन् सगळीकडं फसलं असेल, तर दाव्याचा नाद आधी सोडा.

बांधावरचा: मेव्हण्याकडं नुसते स्क्रीनशॉट आहेत. अन् ग्रुपच्या अॅडमिनलाही ओढायचं का?

रोजनामा: स्क्रीनशॉटची झेरॉक्स चालणार नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग, एक फोनवाल्यानं सही करायचा, दुसरा तज्ज्ञानं, अन् त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदलली नाही हे ओळखायचा कोड) लिहायची. ज्या फोनवर मेसेज आला तो विकू नका, फॉरमॅट मारू नका. ग्रुपमधले दोघं-तिघं ‘आम्ही वाचलं’ म्हणणारे साक्षीदार हवेत, कारण तिसऱ्यापर्यंत पोचल्याशिवाय बदनामी होतच नाही.

अॅडमिनला सोडा. 2021 मध्ये नागपूर खंडपीठानं सांगितलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजसाठी नुसत्या अॅडमिनपणावरून जबाबदार धरता येत नाही. मेसेज पुढं ढकलणारे मात्र बघा, त्यांच्यावर वेगळं चालू शकतं.

काळा कोट: मुदतीचं रोजनामा यांचं मान्य, माझं वाक्य अर्धवट होतं. आणखी एक, फौजदारीत तारखेला फिर्यादी गैरहजर राहिला तर आरोपी सुटू शकतो. पेरणीच्या दिवसांत मेव्हण्याला दुकान सोडता येणार नसेल तर वकिलाला आधीच गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायला सांगा.